आवाज बंद होतो तिथपर्यंत

उन्हाळ्याची सुट्टी संपवून सोलापूरला परतले, तर शिक्षक खोलीत पहिला प्रश्न ठरलेलाच होता. मुंबईत काय काय पाहिलंत? मी म्हटलं, समुद्र पाहिला. सगळ्या हसल्या. चौपाटीवर भेळ खाऊन, फोटो काढून त्याही समुद्र पाहून आल्या होत्या. त्यात मी काय नवीन सांगणार?

त्यांचं बरोबर होतं. मी तर जन्माने मुंबईची. घोडपदेवच्या चाळीत वाढले, लग्न होऊन सोलापूरला आले आणि तेव्हापासून इथल्या मुलांना भूगोल शिकवते आहे. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं फळ्यावर काढून दाखवते. पण काठ सोडून आत जायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आमच्या घरातली माणसं समुद्रात शिरत ती गुडघ्यापर्यंत, गणपती पोचवायला नाहीतर अस्थी सोडायला. त्यापुढे माझा धाकटा भाऊ गेला, आणि त्याच्यामागून या मे महिन्यात मी गेले. ज्यांना तिथे जाणं जमलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

घोडपदेव

दिनेश माझ्याहून आठ वर्षांनी लहान. एसी दुरुस्तीची कामं करायचा. गिरगाव चौपाटीजवळ शिडाच्या होड्यांचा एक क्लब आहे, तिथे एसी बसवायला गेला आणि तिथेच रमला. परदेशी निघालेल्या कुणा सभासदाने आपलं जुनं सामान त्याला देऊन टाकलं. विंडफॉइल म्हणतात त्याला. दारापेक्षा थोडा रुंद असा एक बोर्ड, त्यावर उभं राहून हाताने पेलायचं शीड, आणि बोर्डाच्या खाली पाण्यात बुडालेला लांब दांडा. त्या दांड्याच्या टोकाला विमानाला असतात तसे पंख. शिडात वारा भरून वेग आला की ते पंख अख्खा बोर्ड माणसासकट पाण्याच्या वर उचलतात. खाली फक्त दांडा पाणी कापत राहतो.

हे सगळं मला दिनेशने फोनवर समजावलेलं. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"ताई, तुला सांगू का, खाली असतो ना तोपर्यंत बोर्ड नुसता पाण्यावर आपटत असतो. धाड धाड धाड. आणि वर उचलला ना, की आवाज बंद. एकदम बंद, काय सांगू तुला. ये एकदा, दाखवतो."

मी म्हणायची, येईन रे, सुट्टी तर लागू दे. गेल्या दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली. ती अंगात किती भिनली आहे हे कळेपर्यंत उशीर झाला, आणि तो गेला. लग्न केलं नव्हतं. मागे राहिली आई आणि क्लबाच्या शेडमधला तो बोर्ड.

एप्रिल संपता संपता क्लबातून फोन आला. पावसाळ्याआधी शेड रिकामी करायची असते, तेव्हा सामान घेऊन जा. आमच्या खोलीत कपाट उघडायचं तर कॉट सरकवावी लागते, तिथे ते कुठे ठेवणार? कुणाला तरी देऊन टाकायचं, असं सांगून मी मुंबईची गाडी धरली. मनात मात्र वेगळंच होतं. देण्याआधी एकदा त्या बोर्डावर उभं राहायचं होतं. वर उचललं जायचं होतं आणि तो आवाज बंद होतो तो ऐकायचा होता. दिनेशचं जे जे होतं त्यातलं मला अजून मिळू शकेल असं तेवढंच उरलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. आई मालवणकडची. सगळा जन्म गिरणगावात काढला तरी बोली तिने सोडलेली नाही.

"तुका पोहूक येता?" तिने विचारलं.

"सासरी विहिरीत शिकले की."

"बाव येगळी नि दर्या येगळो," एवढं बोलून ती पुन्हा सुपात बघू लागली. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. त्या रात्री जेवायला वरणभात आणि बटाट्याची भाजी होती. दिनेशचा बांगड्यावर फार जीव. तो गेल्यापासून तिने घरात मासा आणलेला नाही, हे मला त्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळलं.

गिरगाव चौपाटी

क्लबात श्रुती भेटली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, उन्हाने रापलेली, तिशीच्या आतली मुलगी. दिनेशला शिकवलं ते हिनेच.

"तुम्ही दिनेशदादांच्या सिस्टर ना? फेस सेम आहे," ती म्हणाली आणि मला शेडमध्ये घेऊन गेली. आम्ही दोघींनी मिळून बोर्डावरचं कापड काढलं.

बोर्ड पांढरा होता. मधोमध, शिडाचा खांब बसतो त्याच्या जरा मागे, कुंकवाचं पुसट स्वस्तिक होतं.

"दसऱ्याला पूजा केली त्यांनी. हार पण घातला होता. सगळा क्लब हसत होता, मग सगळ्यांना पेढे वाटले," श्रुती म्हणाली. "तो डाग जात नाही हां ताई. मी घासून बघितलं."

मी म्हटलं, घासू नकोस.

मला वर उचललं जायचंय हे ऐकल्यावर तिने मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. माझं वय तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार. "ट्राय करू," म्हणाली. "वजन कमी आहे तुमचं, ते बरंय. पण पडायला लागेल खूप. आणि पाणी तोंडात गेलं तर गिळायचं नाय, थुंकायचं. हे मुंबईचं पाणी आहे."

पहिली दुपार वाळूवरच गेली. शिकवायच्या एका साध्या बोर्डावर उभी राहून मी शीड धरायला शिकले. गुडघे सैल, पाठ ताठ, नजर लांब. इकडे मलबार हिल, तिकडे मरीन ड्राइव्हची रांग, मध्ये सलवार-कमीजवर लाइफ जॅकेट आणि डोक्याला हेल्मेट घातलेली मी. फिरायला आलेल्या दोन बायका माझ्याकडे बघत भुईमुगाच्या शेंगा संपेपर्यंत उभ्या होत्या. सोलापुरात एव्हाना शाळेपर्यंत बातमी गेली असती. इथे शेंगा संपल्या तशा त्या निघून गेल्या, आणि मुंबईचा हा गुण मला नव्याने आवडला.

दुसऱ्या दिवसापासून पाण्यात. खालचे पंख वाळूला लागू नयेत म्हणून बोर्ड आडवा धरून गळ्याइतक्या पाण्यापर्यंत न्यावा लागतो. मग त्यावर चढायचं, पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करायचं आणि त्याचा आडवा दांडा धरायचा. श्रुती मोटारीच्या रबरी होडीतून बाजूबाजूने यायची. मी समुद्राचं पाणी डोळ्यांना लावलं, बोर्डाला हात लावून नमस्कार केला आणि चढले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग शीड वर आलं. मी दांडा धरला, एक पाऊल पुढे टाकलं आणि ते नेमकं स्वस्तिकावर पडलं. माझा हात आपोआप सुटला आणि खाली गेला. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला, ताटाला लागला, माणसाला लागला, की हात आधी खाली जातो आणि मग कपाळाला. त्याला विचार करावा लागत नाही. शीड एका बाजूला, बोर्ड दुसऱ्या बाजूला, आणि मी पाण्यात.

"ताई, हात का सोडला?"

"सुटला गं."

पुन्हा चढले, पुन्हा शीड ओढलं, आणि पुन्हा तेच. पाय ठेवायची जागा नेमकी तिथेच होती. दुसरीकडे ठेवला तर तोल जाई, तिथे ठेवला तर हात जाई. पूजा केलेली वस्तू, आणि तीही दिनेशची, तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं, हे डोक्याला पटलं होतं पण हाताला पटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. पाण्यात पडायचं मला भय नव्हतं, पण शाळेत मुलांना सरळ रेष काढता आली नाही की मी कशी ओरडते ते आठवून लाज वाटली.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस असेच गेले. थोडी सुधारणा झाली. हात सुटला तरी एकच सुटायचा. बोर्ड बऱ्यापैकी अंतर सरळ जाऊ लागला, खाली पाणी आपटू लागलं, धाड धाड धाड, अगदी दिनेशने सांगितलं तसं. एकदा चांगला वारा मिळाला. बोर्डाचं टोक हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि कुणीतरी खालून धरून ठेवावं तसा बोर्ड जागच्या जागी थांबला. मी मात्र थांबले नाही, शिडावरून पुढे जाऊन पडले. श्रुतीने बोर्ड उलटा केला, तर पंखाला निर्माल्याची पिशवी गुंडाळलेली. झेंडूच्या माळा, दूर्वा, वर गच्च गाठ. अशाच पिशव्या गाठ मारून आमच्या चाळीतूनही निघायच्या, कचऱ्यात देव टाकू नये म्हणून. त्या कुठे जातात ते त्या दिवशी कळलं.

पिशवी सोडवताना मी श्रुतीला म्हटलं, "आज वर जाणारच होते. दिनेश म्हणायचा तसा आवाज बंद झाला असता."

तिने गाठ सोडायची थांबवली. "असं म्हणायचे ते?"

"दर रविवारी. वर गेलं की कसं वाटतं ते सांगायचा."

तिने पिशवी तशीच होडीत ठेवली. होडी आपली हलत होती. मग म्हणाली, "ताई, सांगू की नको कळत नाय. दिनेशदादा कधी वर गेलेच नाहीत. दोन सीझन केले त्यांनी. दसऱ्याआधी वजन मागे पडायचं म्हणून पडायचे, पूजा केल्यावर तुमच्यासारखेच वाकायला लागले. एकदा पण उचलले गेले नाहीत. ते आवाजाचं मी सांगितलेलं त्यांना. रविवारी पाण्यातून बाहेर आले की हसत विचारायचे, आज ताईला काय सांगू?"

मला राग यायला हवा होता. राग आला नाही, रडू आलं. खारं पाणी तोंडावर होतंच, त्यामुळे वेगळं पुसावं लागलं नाही. दिनेश दर रविवारी एवढा मार खाऊन घरी यायचा आणि मला फोन करून आकाशातल्या गोष्टी सांगायचा. ताई लांब राहते, तिला काहीतरी चांगलं ऐकवावं, एवढंच त्याच्या मनात असणार. आता ते खरं करणारं माणूस मीच उरले होते, आणि परतीचा दिवस जवळ आला होता.

लालबाग

दुसऱ्या दिवशी वारा पडला. मे महिना, त्यामुळे आई म्हणाली, चल लालबागेक, मसालो करूक होयो. तिथल्या मसाल्याच्या गल्लीत मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. एका दुकानात मिरच्या घ्यायच्या, दुसरीकडे धणे, बडीशेप, दगडफूल वेगवेगळं भाजून घ्यायचं आणि मग डंखाच्या लोखंडी मुसळांखाली कुटायला रांग लावायची. आमच्याकडे सोलापुरात काळ्या तिखटासाठी कांदा-खोबरं करपेपर्यंत भाजतात. इथे तसं केलं तर आई उठून जाईल. मिरचीच्या खकाण्याने सगळी रांग शिंकत होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

रांगेत दोन पिंपांवर बसलो असताना आईने माझी सलवार घोट्याच्या वर सरकवली आणि पोटरी पाहिली.

"पडतंस कित्याक?"

तिने एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी सांगितलं. दिनेशने पूजा केलेली आहे, कुंकवावर पाय पडतो, हात आपोआप नमस्काराला जातो, मग तोल जातो. तो कधी वर गेला नाही हे मात्र सांगितलं नाही.

आईने पदराने नाक पुसलं. डंख धडधडत होता, म्हणून ती माझ्या कानाशी आली.

"गो, धाकट्याक कोण नमस्कार करता? तू तेका खांद्यार घेवन चाळभर फिरी होतंस. तेचे पाय तुझ्या छातीर. तेव्हा तो तुका नमस्कार करी होतो काय?" तिने माझी सलवार पुन्हा घोट्यावर ओढली. "आता तो तुका घेता. ठेव पाय."

मग आमचा नंबर आला आणि ती कुटणाऱ्याशी भांडायला उठली, कारण आधीच्या बाईचं हळकुंड आमच्या मसाल्यात येईल अशी तिला शंका होती. मी पिंपावर तशीच बसून राहिले. चाळीच्या गॅलरीत दिनेशला खांद्यावर घेऊन धावायची मी, आणि तो माझे केस धरून ओरडायचा. त्याच्या टाचांचा मार मला आठवला. त्या मी कधी झटकल्या नव्हत्या.

पुन्हा चौपाटी

शेवटच्या दिवशी सकाळी आई चहा गाळताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "आज पंचमी. चारच्या सुमाराक पाणी भरतला." मी काही विचारलं नव्हतं. मालवणची माणसं तिथीवरून भरती सांगतात हे मला माहीत होतं. पण ती हे रविवारी दिनेशलाही सांगत असणार, हे तेव्हा लक्षात आलं.

चारला पाणी भरलं. वारा मलबार हिलवरून झोताझोताने येत होता, आणि झोत आला की पाण्यावर गडद ठिपका पसरत यायचा. मी बोर्डाला हात लावला नाही. चढले, शीड ओढलं, दांडा धरला आणि पुढचं पाऊल कुंकवावर ठेवलं. हात खाली जायला निघाला. मी मनात म्हटलं, धाकटा आहे. हात दांड्यावरच राहिला.

"लांब बघा!" होडीतून श्रुती ओरडत होती. "खाली नाय, लांब! मागच्या पायावर या... हां, आता लगेच पुढे!"

मी मरीन ड्राइव्हच्या एका इमारतीवर नजर ठेवली. धाड धाड धाड. पाणी तोंडावर येत होतं. गडद ठिपका पायाखाली आला, मागच्या पायावर भार दिला, टोक उचललं, भार पुढे आणला.

आणि आवाज बंद झाला.

मला वाटलं होतं त्या क्षणी दिनेश आठवेल, काहीतरी दाटून येईल. तसं झालं नाही. नुसतं शांत होतं. पाणी खाली राहिलं होतं आणि पायांना काही लागत नव्हतं. बोर्ड हलतो आहे की मी, तेही कळत नव्हतं. खालून अगदी बारीक, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं काहीतरी येत होतं, ते त्याने सांगितलेल्यात नव्हतं. तेवढं सोडलं तर सगळं त्याने सांगितलं होतं तसंच होतं. त्याने न बघता सांगितलेलं शब्दशः खरं निघालं. मग मात्र मला राहवलं नाही. मी खाली, त्या कुंकवाकडे पाहिलं आणि म्हटलं, बरोबर आहे रे तुझं. नजर खाली गेली तशी मीही गेले.

पाण्यातून डोकं वर काढलं, तर श्रुती होडीत उभी राहून दोन्ही हात हलवत होती. जवळ आल्यावर तिने होडीची मोटार बंद केली. मला वर ओढून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

काठावर आणून आम्ही बोर्ड गोड्या पाण्याने धुतला. बोर्ड मी क्लबाला दिला, नवीन शिकणाऱ्यांसाठी. अट एकच घातली, डाग घासायचा नाही. निघताना नमस्कार केला नाही. दिनेश गावाला निघाला की त्याच्या पाठीत एक धपका घालायची, तसा बोर्डावर घातला आणि मागे फिरले.

चाळीत जिना चढतानाच वास आला. आमच्याच घरातून येतोय यावर दारापर्यंत जाऊनही विश्वास बसेना. तव्यावर बांगडे होते, लालबागच्या नव्या मसाल्यातले.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर गेलंस?"

"गेले."

"आवाज बंद होता?"

मी ओलं डोकं पुसत होते, ती थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"तो सांगी होतो. दर रविवारी हयसर बसान. माका वाटा, म्हातारेची मस्करी करता. पाण्यार कोण उडता काय?" तिने गॅस बारीक केला आणि आता मात्र माझ्याकडे वळली. "खरा काय ता?"

श्रुतीने सांगितलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण आईने तो वर गेला होता का, असं विचारलंच नव्हतं. जे विचारलं होतं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकून आले होते.

"खरं आहे, आई. त्याने सांगितलं अगदी तसंच."

तिने बराच वेळ माझा चेहरा पाहिला. मग बांगडा उलटला, नीट शिजलाय की नाही ते चमच्याने दाबून बघितलं आणि माझ्या ताटात वाढला.

"म्हंजे माझो झील खोटा बोलूक नाय," ती म्हणाली.

"नाही आई," मी म्हटलं आणि ताट पुढे ओढलं.